पथ्याचं ऊन

चंद्रपुरात राहून माझ्या अंगात उन्हाचा तुटवडा निघाला. हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना सांगून पाहिलं. पहिल्या झटक्यात ते कुणालाच पटलं नाही. कोळसा खाणींच्या घुग्घुसमधल्या माणसाला धूळ कमी पडली म्हणण्यासारखंच ते आहे. डॉक्टर नूतन यांनीसुद्धा रक्ततपासणीचा कागद दोनदा वाचला, मग कागदावरचं नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही राहता कुठं?"

"इथंच. चंद्रपूरला."

"आणि ड जीवनसत्त्व इतकं कमी?"

मी मान खाली घातली. सरकारी मालमत्तेची हेळसांड केल्यासारखं मला वाटलं. अख्ख्या जिल्ह्याला जे फुकट आणि नको तेवढं मिळतं, ते मला एकट्याला घेता आलं नव्हतं. तसं पाहिलं तर यात नवल काही नव्हतं. उभी नोकरी वाचनालयात गेली. पुस्तकांना ऊन चालत नाही म्हणून खिडक्यांना जाड पडदे होते, आणि जे पुस्तकांचं पथ्य तेच नकळत माझंही झालं. निवृत्तीनंतर घरात हिरवी जाळी आणि कूलर, घराबाहेर डोक्याला दुपट्टा. आमच्या गावात उन्हाळाभर माणसं दुसरं काही करत नाहीत, फक्त उन्हापासून लपतात. मी लपण्यात जरा जास्त यशस्वी झालो, एवढंच. आयुष्यात दुसऱ्या कशात इतकं यश मिळाल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांकडे मी गेलो होतो तो उन्हासाठी नव्हे, उठण्यासाठी. त्याचं असं झालं, की माघ पौर्णिमेला विहारात वंदना संपली, सगळे उठले आणि मी उठलो नाही. उठायचं मनात होतं. मांड्यांनी ऐकलं नाही. लोकांना वाटलं, देवरावभाऊ ध्यानात आहेत. एका बाईनं तर आपल्या लेकराला "चूप, आबा ध्यान करून राह्यले" असं दटावलं. आता तिचा समज मोडायचा कसा? म्हणून मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ मिटलेले ठेवले. शेवटी चटया गुंडाळायची वेळ आली तेव्हा दोन तरुणांनी लोखंडी कपाट हलवावं तसं मला दोन्हीकडून धरून उभं केलं.

पुढच्या खेपेपासून माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आली. ती ठेवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जिथं कुणी उच्च नाही आणि कुणी नीच नाही, म्हणून आमच्या वडिलांची पिढी इतका लांबचा रस्ता चालून आली, तिथं मी एकटा साऱ्या समाजापेक्षा दीड हात उंच बसलो. मागच्या बायकांना माझ्या डोक्यामुळे बुद्धमूर्ती दिसेना. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं: वैशाखात बुद्ध पौर्णिमेला चटईवर बसायचं आणि कुणाच्या हाताशिवाय उठायचं. मनाशीच ठरवलं, कारण मी ठरवलेल्या गोष्टी सहसा होत नाहीत आणि मग लोकांना तोंड दाखवणं जड जातं.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे समजावून सांगितलं. हाडांना आणि स्नायूंना हे जीवनसत्त्व लागतं, ते कमी पडलं की मांड्या थकतात, म्हातारपणी माणूस पडतो, हाड मोडतं. आठवड्याची गोळी दिली. खुर्चीवरून हात न टेकता उठण्याबसण्याचा व्यायाम दिला. मग आहाराचा तक्ता केला: दूध, अंडी, मासे, डाळ, पालेभाजी. आणि त्याच्याच खाली लिहिलं: ऊन.

"सकाळचं थोडं ऊन खात जा, काका. पाठ आणि हात उघडे ठेवून. थोडंच, आणि भरपूर पाणी पिऊन. दुपारचं मुळीच नाही. चंद्रपूर आहे हे."

'पाठ उघडी' हे दोन शब्द ऐकल्यावर बाकीचं मला नीट ऐकू आलं नाही. माझी पाठ मी स्वतःही कधी पाहिलेली नाही.

घरी येऊन मी तो तक्ता गिरजाला दाखवला. ही माझी पहिली चूक. बायकोच्या हातचं जेवून ज्या नवऱ्याच्या अंगात काहीतरी कमी निघतं, त्यानं ती बातमी कशी सांगावी, याबद्दल आमच्या वाचनालयात एकही पुस्तक नव्हतं.

"म्हंजे माह्या हातच्या जेवनात कमी हाय, असं म्हनते का ते डाक्टरीन?" गिरजानं विचारलं.

"नाही गं. हे जीवनसत्त्व जेवणातून थोडंच मिळतं. बाकीचं उन्हानं अंगात तयार होतं."

"बाकीचं काय काय तपासलं?"

"लोह, बी बारा, साखर. ते सगळं व्यवस्थित आहे."

"मंग!" गिरजा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माह्याकडचं सारं बराबर निंगालं. सूर्याकडचं कमी पडलं. त्याले जाऊन विचारा."

समोरच्या घरात मुखरूभाऊ राहतात. घुग्घुसच्या कोळसा खाणीत त्यांचं आयुष्य गेलं. बातमी ऐकून ते लगेच आले आणि दारातच उकिडवे बसून, उठून, पुन्हा बसून दाखवू लागले.

"हे पाहा भाऊ. उभा जलम जमिनीखालती काढला. सूर्य म्हंजे माह्यासाठी सुट्टीच्या दिवशी भेटनारा पावना. पन मांड्या पाहा! काऊन? झिंगे! सुकलेले झिंगे, तेलात परतून, रोज मूठभर."

त्यांच्यामागून पहिल्या मजल्यावरचे आले, ते म्हणाले जवसाची चटणी. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी बकरीच्या पायांचा रस्सा सांगितला आणि तो करून झाला की आम्हालाही बोलवा, असंही सांगितलं. मुखरूभाऊंच्या साळ्यानं एटापल्लीहून लाल मुंग्यांची चटणी पाठवली. ती मी भीत भीत खाल्ली. आंबट, झणझणीत आणि माझ्या मतानं फार सुंदर. माझ्या मताला किंमत नाही, पण नोंदवून ठेवतो. या सगळ्यातून मला एवढं कळलं, की माणूस दुसऱ्याला तेच औषध सांगतो जे त्याला स्वतःला आवडतं. कारल्याचा रस कुणीच सुचवला नाही.

खाण्याचा प्रश्न असा परस्पर सुटत गेला. उरलं ऊन. आणि ऊन होतं गच्चीवर, गच्चीची किल्ली होती रीताबाईंकडे.

रीताबाई आमच्या इमारतीच्या सचिव. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काकाजी, माझी काही हरकत नाई. पन अर्ज द्या. उद्या कोनी विचारलं तं कागद पाह्यजे."

मी अर्ज लिहायला बसलो. 'विषय: गच्चीवर पाठ उघडी ठेवून बसण्याची परवानगी मिळणेबाबत' असं लिहिलं आणि फाडलं. 'उघडी' या शब्दाला सभ्य पर्याय शोधण्यात एक अख्खी सकाळ गेली. शब्दकोश तीन काढले. 'अनावृत' फार शृंगारिक वाटला, 'निर्वस्त्र' तर पोलिसांत जाण्यासारखा. शेवटी 'वैद्यकीय सल्ल्यानुसार सूर्यप्रकाशात बसणे' एवढ्यावर भागवलं. पण बैठकीत रीताबाईंनी अर्ज वाचून दाखवल्यावर स्वतःच जोडलं, "म्हंजे शर्ट काढून."

चर्चा लांबली. उन्हाळ्याची कामं सुरू होती. गच्चीवर मुगवड्या, कुरोड्या, सरगुंडे वाळत होते, बायकांची सारखी ये-जा होती. मी कोणत्या दिशेला तोंड करावं यावर दोन मतं पडली. मी कोपऱ्यात बसून माझ्याच पाठीवरचा तो वाद ऐकत होतो आणि अर्ज मागे घ्यावा का याचा विचार करत होतो. इतक्यात मुखरूभाऊ म्हणाले, "अजी, भाऊ बसतेच तं कावळे हाकलतीन ना!" त्याबरोबर सगळ्या बायकांचे चेहरे उजळले. ठराव एकमतानं झाला. मी पाण्याच्या टाकीकडे तोंड करून बसावं आणि वड्या राखाव्यात. वाचनालयात चाळीस हजार पुस्तकं राखली त्याबद्दल कुणी टाळी वाजवली नव्हती; मुगवड्यांसाठी वाजली.

पहिल्या दिवशी शर्ट काढला तेव्हा मी स्वतःच चमकलो. न उघडलेल्या पुस्तकाची पानं असतात तशी माझी कातडी पांढरीफटक होती. टाकीकडे तोंड करून, मांडीवर पुस्तक घेऊन, पाठ त्या परक्या उन्हाच्या स्वाधीन केली. आमच्याकडे उन्हाला तपन म्हणतात. आत्तापर्यंत तो शब्द मी शिवीसारखाच ऐकला होता. पण सकाळच्या वेळी, थोडा वेळ, पाठीवर पडणारी तपन म्हणजे, कसं सांगू, कुणीतरी न बोलता शाबासकी दिल्यासारखी. मला शाबासकीची सवय नाही. दुसऱ्या दिवशी मी पाच मिनिटं लवकर गेलो.

कावळे आले, मी पुस्तकानं हाकलले. गोळ्या चालू होत्या, अंडी चालू होती, तळ्यातले मासे आठवड्याच्या बाजाराला येत होते. खुर्चीवरून उठबस चालू होती. पहिल्यांदा हात टेकून, मग एक हात टेकून. एके दिवशी दिवाणावरून मी हात न टेकता उठलो. उठल्यावर लक्षात आलं की दारात गिरजा उभी आहे. ती तशीच आत निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी ताटात एकाऐवजी दोन अंडी होती. आमच्या घरात याला जाहीर सत्कार म्हणतात.

मग ती सकाळ आली.

त्या दिवशी रीताबाई वड्या गोळा करायला वर आल्या, सूप भरून घेतलं आणि सवयीनं गच्चीचं दार बाहेरून लावून खाली गेल्या. मी टाकीच्या पलीकडे होतो आणि पुस्तकात होतो. पाठीला चटका बसू लागला तेव्हा उठलो, शर्ट घातला नाही कारण घाम होता, आणि दार ढकललं तर बंद.

आता सामान्य माणूस काय करेल? ओरडेल. मी दारापाशी जाऊन सभ्यपणे खोकललो. मग परक्याच्या घरी ठोठावावं तसं बोटाच्या पेरानं दोन वेळा ठोठावलं. आतून "कोण आहे?" असं कुणी विचारलं नाही. फोन खाली चार्जिंगला होता. पाण्याची बाटली होती, टाकीची सावली होती, तेव्हा जिवाला धोका नव्हता. पण ऊन चढत होतं आणि सावली टाकीच्या बुडाशी सरकत होती. 'वाचवा' हा शब्द मी पुस्तकांत शेकडो वेळा वाचला आहे. तो मोठ्यानं म्हणायची वेळ आली तेव्हा कळलं, की तो म्हणायला फार धीटपणा लागतो. समजा मी 'वाचवा' म्हणालो आणि कुणी विचारलं 'कशापासून?' तर काय उत्तर देणार? 'रीताबाईंपासून' म्हणता आलं नसतं.

खाली रस्त्यावर शीतल सेवा मंडळाच्या पोरांनी मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ताक वाटायचं काम चालवलं होतं. मी कठड्याशी जाऊन माझा पांढरा पंचा हलवला. त्यांनीही हात हलवले. मी जोरात हलवला. त्यांनी जोरात हलवले. एकानं तर ताकाचा पेला उंच करून दाखवला. असं आमचं सौजन्य बराच वेळ चाललं. शेवटी त्यांच्यातल्या एका शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अबे, आजोबाले तपन लागली! वर चला!"

पुढचं फार वेगानं झालं. रीताबाईंनी "अगे माय!" म्हणत दार उघडलं, पाच-सहा जण गच्चीवर घुसले आणि मी "मला काही झालेलं नाही" एवढं म्हणेपर्यंत ओल्या चादरीत गुंडाळलो गेलो. मी ते पुन्हा म्हणालो. "बरळून राह्यले," एक जण म्हणाला. काखेत बर्फ ठेवला. डोक्यावर ताक ओतलं; पाणी संपलं होतं म्हणे. तीन मजले मला चादरीच्या झोळीतून खाली आणलं. प्रत्येक दारात माणसं उभी होती. मी डोळे मिटून घेतले. लाज वाटली की मी डोळे मिटतो, याचा तोपर्यंत मला अनुभव होता; पण त्याचा परिणाम काय होईल याची कल्पना नव्हती.

कारण त्या पोरांबरोबर अतुल होता. अतुल मोबाइलवर 'चांदा दणका' नावानं बातम्या देतो. त्यानं मोबाइल उंच धरून रीताबाईंना विचारलं, "ताई, आजोबा वर काय करत होते?"

"तपन खात होते. रोजच खातात."

"रोज? आणि दुसरं?"

"दुसरं काय? तेवढंच." म्हणजे दुसरं काम करत नाहीत, असं बिचाऱ्या रीताबाईंना म्हणायचं होतं. निवृत्त माणसाबद्दल ते खोटंही नव्हतं.

"आणि तब्येत?"

"चांगली हाय ना! आता जिना बी चढतात."

संध्याकाळी ती बातमी साऱ्या जिल्ह्याच्या मोबाइलवर होती. 'फक्त ऊन खाऊन ठणठणीत! चंद्रपूरच्या आजोबांचा चमत्कार!' चित्रात मी ओल्या चादरीत, डोळे मिटलेला, कपाळावरून ताकाचा ओघळ. मी स्वतः ते पाहिलं तेव्हा क्षणभर मलाच हात जोडावेसे वाटले.

गिरजानं ती बातमी पूर्ण ऐकली. मग मोबाइल उपडा ठेवला.

"फक्त ऊन खाऊन?" ती म्हणाली. "मंग सकाळी चार पोळ्या अन् वांग्याची भाजी कोनं गिळली? माह्या बापानं?"

"अगं, मी कुठं म्हणालो—"

"नाई म्हनालेच नाई! तोंड शिवून ठेवलं होतं! डोळे मिटून पडले होते सोंग घेऊन! लगन झाल्यापासून रांधून राह्यली मी, अन् नाव कोनाचं? तपनीचं!"

दुसऱ्या दिवशी माणसं येऊ लागली. पहिल्यांदा दूधवाला आला आणि अर्धा लिटर कमी करू का, म्हणून विचारून गेला. मग कोरपन्याकडून एक कुटुंब नारळ घेऊन आलं. कुणी दिशा विचारली, कुणी वेळ विचारली, कुणी पाया पडायला वाकलं. मी वाकणाऱ्याच्या आधी वाकायचा प्रयत्न केला, त्यात दोघांची डोकी आपटली. मी कळवळून सांगत होतो, की बाबांनो, ते ऊन तक्त्यातलं आहे, मी गोळ्या घेतो, मासे खातो. पण माझा आवाज मुळात बारीक, आणि जिन्यावर मुखरूभाऊ बसून चपला रांगेत लावून घेत होते. "एक एक करून या. आबा थकले हायत. मोबाइल बंद करा."

"मुखरूभाऊ, असं करू नका," मी विनवलं.

"भाऊ, मी थोडीच खोटं बोलून राह्यलो? मी फक्त चपला पाहून राह्यलो."

याच्याही वर एक गोष्ट व्हायची होती. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या विवेक विचार मंचाची नोटीस आली. चमत्काराचा दावा करणाऱ्या व्यक्तीनं आठ दिवसांत खुलासा करावा. खाली सही रामाजींची. कोपऱ्यात मंचाच्या सल्लागारांची नावं छापली होती, आणि त्यांत तिसरं नाव माझं होतं. स्वतःच्याच सल्ल्यानं स्वतःला नोटीस मिळालेला मी बहुधा पहिलाच माणूस असेन.

रामाजी आमच्या विहार समितीचेही अध्यक्ष. ते दुसऱ्या दिवशी स्वतः आले. बसले नाहीत.

"देवरावभाऊ, तुम्ही असं कराल हे वाटलं नव्हतं. आपल्या विहारातला माणूस अन् चमत्कार? पोरं आम्हाले विचारून राह्यली."

"मी काही केलं नाही, रामाजी. शब्दाचा घोटाळा झाला."

"मंग तो शब्द चारचौघांत सोडवा. पौर्णिमेले. मुख्य पाहुण्यांचं भाषण झालं की उभं राहून खुलासा करा. नाई केला तं..."  त्यांनाही ते बोलायला जड जात होतं. "तं काही दिवस विहारात नका येऊ. लोकं तुमच्या पाया पडतीन तिथी. ते मले चालनार नाई."

ते गेले आणि मी दिवाणावर बसून राहिलो. त्या पौर्णिमेला मला चटईवर बसून उठायचं होतं, एवढीच माझी उडी. आता उठून बोलायचंही होतं. शंभर माणसांपुढे. वाचनालयाच्या निरोपसमारंभात माझ्या सत्काराला उत्तर देताना मी "धन्यवाद" म्हणायला उभा राहिलो होतो आणि नुसता बसलो होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मी विहार सोडायचं ठरवत होतो. घरात बसून वंदना करता येते. पुस्तकं आहेत.

तेवढ्यात रीताबाई वर आल्या. सोबत नात दिव्या, हातात तिचा भरलेला डबा.

"काकाजी, आता तुम्हीच सांगा हिले. काल रातच्यापासून जेवली नाई. म्हनते मी बी तपनच खाईन, आबासारखी. शाळेच्या मैदानात जाऊन उभी राह्यली होती तोंड वर करून."

दिव्या माझ्याकडे आदरानं पाहत होती. तिचे ओठ सुकले होते. बाहेरचं ऊन तेव्हा असं होतं, की कावळेसुद्धा झाडाबाहेर येत नव्हते. मला एकाएकी फार भीती वाटली, आणि ती माझ्याबद्दलची नव्हती. मी उठलो, गिरजाला ताट वाढायला सांगितलं आणि दिव्यासमोर बसून जेवलो. भात, वरण, अंबाडीची भाजी, मासा. तिनं अविश्वासानं पाहिलं.

"आबा, तुमी तं जेवता!"

"रोज जेवतो. दोन वेळा."

तिनं डबा उघडला. मी रीताबाईंना म्हणालो, "पौर्णिमेला मी बोलेन." आवाज माझाच होता, तरी मी आजूबाजूला पाहिलं.

त्यानंतर मी भाषण लिहायला घेतलं. जीवनसत्त्वं म्हणजे काय इथून सुरुवात केली. कातडीखाली काय घडतं, कॅल्शियम कसं शोषलं जातं, समुद्रावरच्या खलाशांना फळांअभावी होणारे रोग, मुडदूस, गलगंड. ग्रंथपालाच्या हातात विषय द्यावा आणि मग पाहावं. गिरजानं एकदा ते कागद हातात तोलले आणि म्हणाली, "एवढं बोलाल तोवर मानसं उपासमारीनं मरतीन. तेवढं पाहा."

पौर्णिमेला विहार गच्च भरला होता. मी दाराशीच खुर्चीला हात जोडून नाही म्हणालो आणि चटईवर बसलो. बसणं सोपं असतं, भूमी मदत करते. लोक कुजबुजत होते. मागून एक मोबाइल माझ्याकडे वळलेला दिसला. वंदना झाली. मग मुख्य पाहुणे उठले. नागपूरहून आलेले प्राध्यापक होते आणि योगायोगानं त्यांचा विषय होता 'संतुलित आहार आणि निरोगी समाज'.

फार अभ्यासू भाषण होतं. माझ्या कागदांतलं सगळं त्यांनी सांगून टाकलं, खलाशांसकट. बाहेर मोठ्या पातेल्यात खीर झाली होती; वेलचीचा वास आत येत होता. लेकरं चुळबुळत होती. पंखे गरम हवा इकडून तिकडे करत होते. प्राध्यापक सांगत होते, की वेळेवर जेवण हा आरोग्याचा पाया आहे आणि भारतीय समाजाला वेळेवर जेवण्याची शिस्त नाही. तेव्हा जेवणाची वेळ उलटून गेली होती.

मी घामानं भिजलो होतो. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं: भाषण संपलं की उभं राहायचं. संपलं की उभं राहायचं. प्राध्यापक म्हणाले, "शेवटी एकच सांगतो," आणि पाणी प्यायला थांबले.

मी उठलो.

ते पाणी प्यायले आणि पुढं बोलणार होते, हे मला नंतर कळलं. त्यांचं 'शेवटी' हे खरं शेवटचं नव्हतं. त्यांची अजून अकरा मिनरल्स राहिली होती म्हणे. पण मी उभा राहिलो तसं माझ्या शेजारच्यांना वाटलं, झालं. ते उठले. त्यांना पाहून त्यांच्या मागचे उठले. क्षणात अख्खा विहार उभा होता, आणि प्राध्यापक हातात पेला घेऊन आमच्याकडे पाहत होते. रामाजींनी प्रसंगावधान राखून माइक माझ्या हातात दिला.

माझे कागद चटईवर राहिले होते.

"मी देवराव," मी म्हणालो. ध्वनिक्षेपकातून माझा आवाज केवढा मोठा येत होता! "मी रोज जेवतो."

प्राध्यापकांनी पेला खाली ठेवला.

"डॉक्टरांनी मला थोडं ऊन खायला सांगितलं, म्हणजे ऊन अंगावर घ्यायला सांगितलं. ते पाठीवर लागतं. पोटात जात नाही. पोटात जातं ते गिरजाबाईंच्या हातचं. चार पोळ्या, वरण, भाजी, अंडी, मासे. जे काही मी आज आहे ते त्याच्यावर आणि गोळ्यांवर आहे. लेकरांनो, कोणी जेवण सोडू नका. चमत्कार काही नाही. एवढंच." मग मला खिरीचा वास आला आणि मी आयुष्यातलं सर्वांत धाडसी वाक्य बोललो. "आता जेवू या का?"

एवढ्या टाळ्या मी कधीच ऐकल्या नव्हत्या. लेकरं तर नाचलीच. प्राध्यापकसुद्धा हसले, सज्जन माणूस, त्यांनाही भूक लागली असणार. एक आजी माझ्या जवळून जाताना म्हणाली, "बापा, तुमी उठले म्हनून सुटलो आम्ही."

उठले.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. मी उभा होतो. चटईवरून उठलो होतो, कुणाच्या हाताशिवाय, भिंतीशिवाय, गुडघ्यावर तळवा न टेकता, आणि ते मला कळलंसुद्धा नव्हतं. बोलण्याच्या भीतीत उठण्याची भीती कुठं तरी सांडून गेली होती. मी खाली माझ्या मांड्यांकडे पाहिलं. त्या काही विशेष केल्यासारख्या दिसत नव्हत्या.

रामाजी आले, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी म्हणाले. टाळ्यांत ऐकू आलं नाही. मंचाच्या वतीनं त्यांनी माझा खुलासा तिथंच मान्य करून टाकला. अतुलनं सगळं चित्रित केलं होतं, आणि या वेळी मी त्याला स्वतः जाऊन सांगितलं, "नाव बरोबर टाक. गिरजाबाई." दोनदा सांगितलं.

बाहेर पंगत बसली. मी चटईवर, सगळ्यांच्या ओळीत, सगळ्यांच्या उंचीवर बसलो. वाढणाऱ्यांत गिरजा होती. खिरीची पळी माझ्या पानावर उपडी करताना ती वाकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "चार पोळ्या सांगतल्या चारचौघांत. लोकं म्हनतीन, खाते किती हा मानूस!"

पण चेहरा पाहिला तिचा, तो उजळला होता. मग तिनं, मी मागितलं नसताना, आणखी एक पळी वाढली, आणि पुढच्या पानाकडे गेली.